देवळाच्या भिंतीवरची वंशावळ



आपल्या घरांतील जुनी पेटी उघडली म्हणजे तींत बहुधा तीन वस्तू सांपडतात: एखादें इनामपत्र अथवा त्याची नक्कल, एखाद्या दाव्याच्या निकालाचा कागद, आणि घराण्याची वंशावळ. ह्या तिन्ही वस्तू एकाच पेटींत कां असाव्या ह्याचा विचार आपण क्वचितच करितों. वंशावळ ही पूर्वजांविषयींच्या भक्तीनें लिहिली जाते अशी आपली समजूत असते, आणि ती अगदींच खोटी आहे असें नाहीं. परंतु पेटींतला हा शेजार पाहिला म्हणजे ध्यानांत येतें कीं, वंशावळ बहुतेक वेळां कोणत्या तरी हक्काच्या सोबतीनें जन्मास येते. जेथें कांहीं मिळवावयाचें असतें, किंवा हातचें जाण्याचें भय असतें, तेथें मनुष्य आपला पणजोबा शोधावयास निघतो.

मीं आपलें आयुष्य शाळेंत इतिहास शिकविण्यांत घालविलें. फळ्यावर भोसल्यांचा वंशवृक्ष काढावा आणि मुलांनीं तो वहींत उतरून घ्यावा, हा वर्षानुवर्षांचा क्रम. एकदां एका मुलानें विचारलें, "गुरुजी, ह्या झाडांत सगळे बाप आणि मुलगेच आहेत, आया कोठें आहेत?" वर्ग हंसला. मींही हंसलों आणि पुढच्या धड्याकडे वळलों. त्या प्रश्नाचें उत्तर मला त्या दिवशीं देतां आलें नाहीं. आज जें सांगणार आहें तें एका अर्थीं त्या मुलाला उशिरानें दिलेलें उत्तरच होय. उदाहरणासाठीं घेतलेलें घराणें आपल्या ओळखीचें, पण महाराष्ट्रापासून दूर कावेरीच्या कांठीं नांदलेलें आहे: तंजावरचे भोसले.

तंजावरचें बृहदीश्वराचें देऊळ चोल राजा राजराज ह्यानें इसवी सन १०१० च्या सुमारास पुरें केलें. देवाला काय काय अर्पण केलें ह्याची नोंद त्यानें त्या देवळाच्या दगडांवर तामिळ भाषेंत कोरून ठेविली. पुढें सुमारें आठशें वर्षांनीं त्याच देवळाच्या आवारांत, प्राकाराच्या भिंतीवर, दुसरा एक विस्तृत लेख कोरला गेला. त्याची लिपि देवनागरी आणि भाषा मराठी. साल १८०३. तो कोरविला तंजावरचा राजा दुसरा सरफोजी ह्यानें, आणि मजकूर सिद्ध केला त्याच्या पदरच्या बाबूराय नांवाच्या चिटणिसानें. मराठींतील अत्यंत मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते. त्या लेखाचा विषय म्हणजे भोसल्यांचा वंश. मूळ पुरुषांपासून आरंभ करून मालोजी, शहाजी, व्यंकोजी अशा क्रमानें तो खुद्द सरफोजीपर्यंत येऊन पोहोंचतो.

चोल राजानें भिंतीवर दानें लिहिलीं, भोसले राजानें पिढ्या लिहिल्या. ह्या फरकाचें कारण काय? तें समजण्यासाठीं १८०३ सालीं सरफोजीच्या हातांत काय उरलें होतें हें पाहिलें पाहिजे. त्याच्या चार वर्षें आधीं, १७९९ च्या ऑक्टोबर महिन्यांत, त्यानें ईस्ट इंडिया कंपनीशीं तह केला होता. त्या तहानें तंजावर प्रांताचा सारा कारभार कंपनीकडे गेला. राजाला ठराविक नेमणूक आणि वसुलाचा पांचवा हिस्सा मिळावयाचा, आणि त्याचा अंमल किल्ल्यापुरता चालावयाचा, असें ठरलें. म्हणजे राज्य गेलें आणि राजा राहिला. ज्याच्याजवळ मुलूख असतो त्याला आपण कोण हें सांगावें लागत नाहीं. मुलूख त्याच्या वतीनें बोलतो. मुलूख गेल्यावर मात्र पूर्वजांना बोलावें लागतें. सरफोजीनें त्यांना दगडावर बोलतें केलें.

परंतु एवढेंच कारण असतें तर ह्या लेखांत विशेष कांहीं नव्हतें. सरफोजीला आपली वंशावळ पुनः पुनः सांगणें भाग होतें, कारण ती वंशावळच त्याच्या आयुष्यांतील पहिला खटला होती. हा खटला समजण्यास आपणांस थोडें मागें गेलें पाहिजे.

शहाजीराजांच्या दोन राण्या आपणांस ठाऊक आहेत: जिजाबाई आणि मोहित्यांच्या घरांतील तुकाबाई. जिजाबाईंचे पुत्र संभाजी आणि शिवाजी. तुकाबाईंचा पुत्र व्यंकोजी, ज्याला एकोजी असेंही म्हणतात. शहाजीराजे १६६४ सालीं वारले. कर्नाटकांतील त्यांची जहागीर व्यंकोजीच्या ताब्यांत राहिली, आणि तो विजापूरच्या पदरीं सरदार म्हणून वागूं लागला. त्या वेळीं तंजावरचें नायकांचें राज्य मोडकळीस आलें होतें. मदुरेच्या नायकानें तें जिंकून घेतलें होतें, आणि तंजावरच्या जुन्या राजकुळांतील चेंगमलदास नांवाचा एक मुलगा आपल्या पाठीराख्यांसह विजापूरकडे दाद मागत होता. त्या मुलाला त्याच्या वडिलोपार्जित गादीवर बसविण्याकरितां विजापूरकरांनीं व्यंकोजीला पाठविलें. व्यंकोजीनें तंजावर सर केलें, आणि थोड्याच अवधींत, १६७५-७६ च्या सुमारास, तो स्वतःच तेथें राजा झाला. भोसले तंजावरांत शिरले ते दुसऱ्या एका घराण्याच्या वंशावळीचा कैवार घेऊन शिरले, ही गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. तिची आठवण आपणांस पुढें होणार आहे.

१६७७ सालीं शिवाजी महाराज कर्नाटकांत उतरले तेव्हां कोळ्ळिडम् नदीच्या तीरावर तिरुमलवाडी येथें दोघां भावांची भेट झाली. महाराजांनीं वडिलांच्या दौलतींतील अर्धा वांटा मागितला. शास्त्राप्रमाणें एका बापाचे पुत्र सावत्र असले तरी वांट्याचे धनी, म्हणून ही मागणी न्यायाची होती. व्यंकोजीला ती रुचली नाहीं, आणि एके रात्रीं तो छावणींतून निघून गेला. पुढें लढाई झाली आणि अखेर समेट झाला. समेट घडविण्यांत व्यंकोजीची राणी दीपाबाई हिचें शहाणपण कामास आलें असें बखरकार सांगतात. फळ्यावरच्या वंशवृक्षांत मी 'शहाजी' ह्या नांवाखालीं दोन रेघा काढीत असें. परंतु त्या दोन रेघा म्हणजे दोन आया होत, आणि एका मराठी राज्याचीं दोन राज्यें झालीं तीं त्या रेघांवरूनच, हें माझ्या खडूनें कधीं लिहिलें नाहीं.

व्यंकोजीमागें त्याचे तिघे पुत्र एकामागून एक गादीवर बसले: शहाजी, सरफोजी आणि तुकोजी. हा काळ विद्येचा आणि कलेचा होता. शहाजीनें स्वतः नाटकें रचिलीं. तुकोजीच्या नांवावर 'संगीतसारामृत' हा संगीतशास्त्रावरचा ग्रंथ आहे. १७३६ सालीं तुकोजी वारला आणि तेथून तीन वर्षें तंजावरची गादी भोवऱ्यांत सांपडली. तुकोजीचा पुत्र दुसरा एकोजी वर्षभर राज्य करून निपुत्रिक वारला. त्याची विधवा राणी सुजनाबाई हिनें कांहीं काळ कारभार पाहिला. तिच्यानंतर सवाई शहाजी नांवाचा एक तरुण पुढें आला. तामिळ लोक त्याला काट्टुराजा म्हणत. आपण पहिल्या सरफोजीचे पुत्र आहों असें त्याचें म्हणणें. हा सरफोजीचा मुलगाच नव्हे, एका दासीचें पोर आहे, असें विरोधकांचें म्हणणें. त्याला गादी मिळाली आणि लवकरच गेली. १७३९ सालीं दरबारी मंडळीनें तुकोजीचा पुत्र प्रतापसिंह ह्याला राजा केलें.

प्रतापसिंहाविषयीं बाप कोण हा प्रश्न नव्हता. आई कोण हा प्रश्न होता. त्याची आई अन्नपूर्णाबाई. तंजावरच्या राजघराण्यांत अशी एक चाल होती कीं, कांहीं स्त्रियांशीं राजा स्वतः बोहल्यावर उभा न राहतां आपली तलवार पाठवी आणि तलवारीशीं त्यांचें लग्न लागे. अशा स्त्रियांना तेथें तलवारीच्या बायका म्हणत. अन्नपूर्णाबाई अशांपैकीं होती असें सांगतात. मग तिचा पुत्र औरस कीं अनौरस? त्या दिवशीं ह्या प्रश्नाचें उत्तर शास्त्रानें दिलें नाहीं. तें दरबाराच्या सोयीनें दिलें, आणि प्रतापसिंहानें पुढें १७६३ पर्यंत चोवीस वर्षें कर्तबगारीनें राज्य करून तें टिकविलें.

पण घरांतील भांडण वेशीबाहेर गेलें कीं, तें ऐकून घेणारे शेजारी भेटतातच. पदच्युत झालेल्या शहाजीनें आधीं फ्रेंचांना कारिकलचें आमिष दाखविलें होतें, आणि १७३९ सालीं कारिकल फ्रेंचांच्या हातीं पडलें. त्यानंतर तो इंग्रजांकडे वळला. १७४९ सालीं, हाच गादीचा खरा वारस होय असें म्हणून, मद्रास इलाख्याच्या कंपनी सरकारनें त्याच्या बाजूनें तंजावरवर फौज धाडली. पहिली मोहीम फसली. दुसऱ्या मोहिमेंत मेजर लॉरेन्सच्या हाताखालीं कोळ्ळिडम्च्या मुखावरील देवीकोट्टैचा किल्ला इंग्रजांनीं घेतला; तरुण रॉबर्ट क्लाइव्ह त्या हल्ल्यांत होता. किल्ला हातीं येतांच कंपनीला प्रतापसिंहाची वंशावळ पटूं लागली! प्रतापसिंहानें देवीकोट्टै इंग्रजांना द्यावें, शहाजीला नेमणूक करून द्यावी, आणि शहाजीनें पुनः उपद्रव करूं नये ह्याची हमी इंग्रजांनीं घ्यावी, असें ठरलें. ज्याचा हक्क सांगत इंग्रज आले त्याचेच ते राखणदार झाले. व्यंकोजी चेंगमलदासाचा कैवार घेऊन ज्या दारानें आंत शिरला होता, त्याच दारानें पाऊणशें वर्षांनीं इंग्रज आंत शिरले. दुसऱ्याच्या वंशवृक्षाची छाया परकी तलवारीला नेहमींच मानवते.

प्रतापसिंहानंतर त्याचा पुत्र तुळजाजी राजा झाला. १७७३ सालीं अर्काटच्या नबाबासाठीं इंग्रज फौजेनें तंजावर घेतलें आणि राजाला कैदेंत टाकिलें. विलायतेहून हुकूम येऊन लॉर्ड पिगटनें १७७६ सालीं राजाला पुनः गादीवर बसविलें, तेव्हां त्या गव्हर्नरालाच त्याच्या कौन्सिलांतील प्रतिपक्षानें कैद केलें आणि तो त्याच कैदेंत वारला. अशा धकाधकींत तुळजाजीचीं मुलेंबाळें त्याच्या डोळ्यांदेखत गेलीं. १७८७ सालीं, मृत्यूपूर्वीं थोडेच दिवस, त्यानें भोसल्यांच्या एका दूरच्या शाखेंतील मुलगा दत्तक घेतला. तोच आपला सरफोजी. त्याचा जन्म १७७७ चा, म्हणजे त्या वेळीं त्याला दहावें वर्ष चालू होतें. त्याला तुळजाजीनें श्वार्ट्झ नांवाच्या जर्मन धर्मोपदेशकाच्या देखरेखीखालीं सोंपविलें.

तुळजाजीचा सावत्र भाऊ अमरसिंह हा प्रतापसिंहाचा दुसऱ्या स्त्रीपासून झालेला पुत्र. त्यानें हें दत्तविधान अशास्त्र ठरविण्याचा घाट घातला. आक्षेप असे: मुलगा आपल्या जनक पित्याचा एकुलता एक आहे, आणि एकुलता पुत्र दत्तक देऊं नये, मुलाचें वय अधिक झालें आहे, नातें फार दूरचें आहे, आणि दत्तक घेते वेळीं राजा शुद्धीवर नव्हता. मद्रासचे गव्हर्नर कँपबेल ह्यांनीं पंडितांची सभा भरविली. पंडितांनीं दत्तविधान असिद्ध ठरविलें, आणि अमरसिंह गादीवर बसला. कांहीं वर्षांनीं मुलाचे हाल होतात म्हणून त्याला मद्रासेस नेण्यांत आलें. गव्हर्नर-जनरल कॉर्नवॉलिस ह्यांच्या कारकीर्दींत प्रश्न पुनः निघाला, काशी आणि बंगाल इकडील पंडितांचें मत घेण्यांत आलें, आणि त्यांच्या मतें दत्तविधान सिद्ध ठरलें. १७९८ सालीं अमरसिंहाला उतरवून सरफोजीला गादीवर बसविलें. आणि पुढच्याच वर्षीं, मघाशीं सांगितलेल्या तहानें, त्या गादीखालचें राज्य काढून घेतलें.

येथें घटकाभर थांबावें. एकच मुलगा, एकच विधि, तेच धर्मग्रंथ. आणि निर्णय दोन. पंडित लबाड होते असें म्हणून सुटतां येणार नाहीं. धर्मशास्त्रांतच प्रदेशपरत्वें भेद होते. आपल्या महाराष्ट्रांत मान्य असलेल्या 'व्यवहारमयूखा'ला विवाहित पुरुषाचें दत्तविधानही चालत असे. इतरत्र वयाचे आणि संस्काराचे नियम कडक होते. एकुलत्या पुत्राचा वाद तर इंग्रजी न्यायालयांत शंभर वर्षें चालला. १८९९ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें असें दत्तविधान कायद्यानें सिद्ध होतें असा निर्णय दिला, तेव्हां तो मिटला. म्हणजे सरफोजीवरील तो आक्षेप तो वारल्यानंतर सदुसष्ट वर्षांनीं निकालांत निघाला. मतभेद शास्त्रांत होता हें खरें. परंतु कोणत्या वर्षीं कोणतें मत विचारावें, हें सत्तेच्या हातीं होतें.

आतां १८०३ सालच्या त्या भिंतीसमोर पुनः उभे राहूं. अमरसिंह आदल्याच वर्षीं वारला होता, पण त्याचा मुलगा होता, पाठीराखे होते, आणि मागच्या पिढ्यांतील कुजबुजही विझलेली नव्हती. लेख मराठींत आहे. रस्त्यानें जाणाऱ्या तामिळ शेतकऱ्याला तो वाचतां येण्याजोगा नाहीं. तो आपल्या भाऊबंदांसाठीं, दरबारासाठीं आणि पुढील पिढ्यांसाठीं आहे. कागद जळतो, फाटतो, बदलतां येतो. देवाच्या दारीं कोरलेला दगड हा राजाला उपलब्ध असलेला सर्वांत बळकट दस्तऐवज होता.

असा लेख संशोधकानें वाचावा कसा? ह्यांतील शहाजी, व्यंकोजी आणि त्यांनंतरच्या पिढ्या इतर कागदांशीं ताडून पाहतां येतात. शहाजीच्या आधीं वेरूळचे मालोजी आणि त्यांचे पिते बाबाजी येथपर्यंत पायाखालीं जमीन आहे. त्याच्याही मागें जीं नांवें येतात तीं परंपरेचीं आहेत. तीं सर्वस्वीं टाकूं नयेत, कारण लोक स्वतःस काय समजत होते हें त्यांवरून कळतें. परंतु त्यांवर इतिहासाची भिंतही उभारूं नये. शहाजीराजांच्या पदरच्या जयराम पिंड्ये ह्या कवीचें 'राधामाधवविलासचंपू' हें काव्य इतिहासाचार्य राजवाडे ह्यांनीं १९२२ सालीं प्रसिद्ध केलें, तेव्हां शहाजीराजे हयात असतांनाच त्यांच्या कुळाविषयीं काय बोललें जात होतें हें आपणांस कळलें. दगडापेक्षां तें काव्य जुनें. म्हणून, काव्य असूनही, पुष्कळ बाबतींत साक्ष म्हणून अधिक जवळचें. पुरावा कशावर लिहिला आहे ह्यापेक्षां तो केव्हां आणि कोणासाठीं लिहिला हें अगोदर विचारावें, हा नियम मी विद्यार्थ्यांना सांगत असें.

येथें सरफोजीच्या पदरांत न्यायानें एक माप घातलेंच पाहिजे. राज्य गेलेल्या ह्या राजानें आपला वेळ विलासांत घालविला नाहीं. त्यानें सरस्वतीमहाल ग्रंथालयाची अपूर्व वाढ केली. काशीयात्रेस गेला असतांही ग्रंथ मिळविले. वैद्यकासाठीं धन्वंतरीमहाल काढला. देवनागरी छापखाना घालून त्यावर १८०६ सालीं 'बालबोध मुक्तावली' हें इसापनीतीच्या गोष्टींचें मराठी पुस्तक छापविलें. पुण्यामुंबईस मराठी पुस्तकें छापूं लागण्याच्या आधींची ही गोष्ट आहे. परमानंद कवीच्या 'शिवभारता'ची पोथी ह्याच सरस्वतीमहालांत सुरक्षित राहिली, आणि ती १९२७ सालीं सदाशिव महादेव दिवेकर ह्यांनीं प्रसिद्ध केली. शिवाजी महाराजांची फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही जन्मतिथि निश्चित करण्यास ज्या साधनांचा आधार मिळाला, त्यांत ह्या ग्रंथाचें स्थान मोठें आहे. ज्या भावानें अर्धा वांटा देण्याचें नाकारलें, त्याच्या वंशजांच्या घरीं थोरल्या भावाचें चरित्र जतन झालें. सरफोजीचें सर्वांत टिकाऊ वंशकार्य मला भिंतीवर दिसत नाहीं; तें ह्या ग्रंथालयांत दिसतें.

सरफोजी १८३२ सालीं वारला. त्याचा पुत्र शिवाजी हा १८५५ च्या ऑक्टोबर महिन्यांत वारला. मागें मुलगा नव्हता; अनेक राण्या आणि दोन कन्या होत्या. हा काळ डलहौसीचा. १८४८ सालीं सातारा गेलें होतें, नागपूरही गेलें होतें. भोसले नांवाच्या गाद्या एकामागून एक नकाशांतून पुसल्या जात होत्या. तंजावरचे रेसिडेंट फोर्ब्स ह्यांनीं राजकन्येला गादी मिळावी अशी शिफारस केली. कंपनीच्या डायरेक्टरांनीं ती अमान्य केली. आणि १८५६ च्या ऑक्टोबरांत त्याच फोर्ब्स साहेबांना शिपाई घेऊन राजवाड्यांत शिरावें लागलें. राजचिन्हांबरोबर घरच्या खासगी मालमत्तेवरही सरकारी मोहोर पडली.

ह्या वेळीं दाद मागावयास उभी राहिली ती थोरली राणी कामाक्षीबाई. राज्य गेलें तें गेलें, परंतु माझ्या पतीची खासगी दौलत ही विधवेची आहे, एवढेंच तिचें म्हणणें. मद्रासच्या सुप्रीम कोर्टानें तिच्या बाजूनें निकाल दिला. सरकार प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलें. १८५९ सालीं तेथें निकाल उलटला. हें कृत्य एका सत्तेनें दुसऱ्या सत्तेशीं केलेलें राजकीय कृत्य आहे. तें न्याय्य कीं अन्याय्य, हें पाहण्याचा अधिकार कोणत्याही न्यायालयाला नाहीं, असें न्यायाधीशांनीं सांगितलें. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला आजही शिकवितात. पुढें १८६२ सालीं सरकारनें ती खासगी मालमत्ता राण्यांना परत दिली. हक्क म्हणून नव्हे, मेहरबानी म्हणून.

कथा येथेंही संपत नाहीं. राण्यांपैकीं शेवटची १९१२ सालीं वारली, आणि त्या मालमत्तेचा वारस कोण हा वाद पुनः पेटला. दावा मद्रास हायकोर्टांत गेला. कोल्हापूरचे महाराजही त्यांत पक्षकार होते, आणि १९२४-२५ च्या कायद्याच्या अहवालांत तो खटला कोल्हापूरच्या नांवानेंच ओळखला जातो. तलवारीच्या बायकांच्या वंशजांचा प्रश्न त्यांत होता. त्या वेळच्या हिंदु कायद्याप्रमाणें त्रैवर्णिकांत दासीपुत्राला केवळ अन्नवस्त्राचा हक्क. शूद्रांत मात्र त्याला वारशांत भाग. म्हणून हायकोर्टाला विचार करावा लागला तो असा कीं, तंजावरचे भोसले क्षत्रिय कीं शूद्र! विसाव्या शतकांत, विजेच्या दिव्याखालीं बसून, न्यायाधीशांनीं १६७४ सालच्या राज्याभिषेकापर्यंतचीं पानें उलटलीं आणि हे घराणें शूद्र होय असा निर्णय दिला. त्या निर्णयाचा इतिहास म्हणून किती आदर करावा हा प्रश्न वेगळा. मला तो मुळींच मान्य नाहीं. परंतु ध्यानांत घ्या कीं, तो प्रश्न इतिहासाच्या जिज्ञासेनें कोणी विचारलाच नव्हता. तो वांट्यासाठीं विचारला गेला होता. गागाभट्टाचा राज्याभिषेक मालमत्तेच्या दाव्यांत पुरावा म्हणून तपासला गेला.

आतां माझ्या त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळतों. व्यंकोजी वेगळा पडला तो आईवरून. प्रतापसिंहाचा हक्क अडला तो आईवरून. अमरसिंहाविषयीं शंका काढली गेली ती आईवरून. सुजनाबाईचा कारभार टिकला नाहीं, राजकन्येला गादी नाकारली, कामाक्षीबाईला न्यायालयानें परत पाठविलें, ह्या तिन्ही ठिकाणीं त्या स्त्रिया होत्या एवढ्यावरूनच पुष्कळ ठरून गेलें होतें. आणि शेवटचा खटला तर जिचें लग्न माणसाशीं न लावतां तलवारीशीं लाविलें, तिच्या लेकरांचा होता. तंजावरच्या वंशवृक्षांतील प्रत्येक वादळ आयांच्या बाजूनें आलें. आणि माझ्या फळ्यावरील झाडांत एकही आई नव्हती. "आया कोठें आहेत?" ह्याचें उत्तर हेंच कीं, बाळा, जेथें जेथें रेघ वांकडी होते तेथें तेथें त्या आहेत.

ह्या अनुभवावरून सामान्य घराण्यांचा कुलवृत्तांत लिहिणाऱ्यांना दोन शब्द सांगावेसे वाटतात. शोध आपल्यापासून मागें न्यावा. मूळ पुरुषापासून पुढें आणूं नये. पुढून आणलेली वंशावळ हवी तेथें येऊन थांबते. त्र्यंबकेश्वर, नाशिक, काशी येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या पहाव्या. त्यांत वाडवडिलांनीं स्वतःच्या हातानें सह्या करून ठेविल्या आहेत. १८५२ च्या कायद्यानें नेमलेल्या इनाम कमिशनपुढें पुष्कळ घराण्यांनीं आपल्या पिढ्या लिहून दिल्या. ते कागदही पहावे, पण ते हक्क राखण्यासाठीं दिले होते हें विसरूं नये. दोन कागद जुळले नाहींत तर एक फाडून टाकूं नये. दोन्ही जपावे आणि विरोध तसाच नोंदवावा. दत्तक असेल तेथें दत्तक लिहावें. सरफोजी दत्तक होता. त्या घराण्यांतील कोणा औरसानें त्याच्याइतकें मराठीचें काम केलें, हें मला सांगतां येणार नाहीं. आणि प्रत्येक पुरुषाच्या नांवापुढें त्याच्या पत्नीचें नांव, तिचें माहेरचें आडनांव व गांव, आणि मुलींचीं नांवें लिहावीं. लेकी दिल्या घरीं गेल्या म्हणून कुळांतून पुसल्या जात नाहींत.

काळ बदलला आहे. १९५६ च्या वारसा कायद्यानें कन्या आणि विधवा ह्यांना पुत्रांच्या जोडीला बसविलें, आणि २००५ च्या दुरुस्तीनें वडिलोपार्जित मिळकतींतही मुलीला जन्मतः मुलासारखाच हक्क दिला. कामाक्षीबाईला जें दगडी दार ठोठावून उघडलें नाहीं, तें दार आज कोणाही घरांतील मुलीला कायद्यानें उघडें आहे. मग वंशावळीच्या कागदावर तरी तें बंद कां असावें?

बृहदीश्वराच्या देवळांत ती भिंत अजून आहे. कोणा श्रोत्याचें दक्षिणेस जाणें झालें तर त्यानें चोलांचें उंच शिखर पाहून झाल्यावर थोडें मान खालीं घालून त्या प्राकारांत जावें. सभोंवतीं तामिळ ऐकूं येत असतां एकाएकीं आपली बालबोध अक्षरें ओळीमागून ओळी समोर उभीं राहतात. राज्य गेलेल्या एका दत्तक पुत्रानें, मी ह्यांचाच आहें, असें दगडाला सांगून ठेविलें आहे. तें वाचावें, आणि ज्यांचीं नांवें त्या पिढ्यांच्या ओझ्याखालीं दबलीं, त्या अन्नपूर्णाबाईचें, सुजनाबाईचें, कामाक्षीबाईचें स्मरण करून बाहेर यावें. वंशावळ तेवढ्यानें पुरी होते असें नव्हे. परंतु ती थोडी खरी होते.